उचलीचा आत्मविश्वास

बेळगाव-निपाणी भागातल्या शाळा मे महिना संपता संपता उघडतात. त्या सकाळी मराठी शाळेच्या व्हरांड्यात दोन प्रकारचे तरुण मास्तर लांबूनही ओळखू येतात. पहिला यंदाच लागलेला. एका हातात तक्त्यांची गुंडाळी, दुसऱ्या हातात पाठटाचणाची वही, खिशात चार रंगांची पेनं आणि चेहऱ्यावर आपण गाव चुकलो की काय अशी शंका. दुसरा गेल्या वर्षी लागलेला. त्याच्याजवळ कपाटाची किल्ली सोडून काही नसतं आणि तीही तो बोटात फिरवत असतो. "सर, खडू कुठं मिळतील?" पहिला विचारतो. "मिळत नसतात. मिळवायचे असतात," दुसरा सांगतो आणि निघून जातो. बरोबर एक वर्षापूर्वी हेच गृहस्थ हाच प्रश्न विचारत याच व्हरांड्यात घामाघूम उभे होते. मधल्या काळात त्यांनी शिक्षणशास्त्राचा असा कोणता ग्रंथ पालथा घातला? एकही नाही. माझं म्हणणं असं, की दुसऱ्या वर्षाचा हा आत्मविश्वास ज्ञानातून येत नाही. ऊसतोडीच्या टोळीला हंगामाआधी मिळते तशी ती उचल असते. काम अजून व्हायचंय, रक्कम आधीच खिशात. आणि उचल घेण्यात लबाडी नसते, लबाडी ती बुडवण्यात असते, हे साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात कुणाला फोड करून सांगावं लागू नये.

पहिल्या वर्षी मास्तर नेमकं काय करतो, ते आधी पाहू. तो घाबरतो. डी.एड.ला त्याला प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन अशा पायऱ्या घोटून दिलेल्या असतात आणि त्या पायऱ्यांवरून वर्ग आपल्यामागून मुकाट चढत येईल असं त्याने धरलेलं असतं. "मुलांनो, सांगा बरं, आज आपण काय शिकणार आहोत?" तो हेतुकथनासाठी विचारतो. मागच्या बाकावरून खऱ्याखुऱ्या काळजीने प्रश्न येतो, "सर, तुमास्नी म्हाईत न्हाई?" तिथे हेतुकथन संपतं आणि उरलेली तीस मिनिटं फक्त उपयोजनाची उरतात. अमेरिकेत फ्रान्सिस फुलर या विदुषीने १९६९ मध्ये शिक्षकांच्या चिंतांचा अभ्यास मांडला. नवख्या शिक्षकाला आधी स्वतःची चिंता असते आणि पोरांना काही समजलं का ही चिंता बरीच पुढे येते, असा त्याचा सारांश. म्हणजे 'मुलं शिकली का' हा प्रश्न पहिल्या वर्षी मास्तरला पडतच नाही. त्याला पडणारे प्रश्न निराळे असतात. शर्ट मागून बाहेर आलाय का? पोरं हसली ती कशाला? शेजारच्या वर्गातल्या बाई खिडकीतून बघत होत्या त्या माझ्याकडे, की माझ्या वर्गातल्या आरडाओरड्याकडे?

दुसऱ्या वर्षी त्याच्या डोक्यात नवं असं काय शिरतं? पुराव्यादाखल पंचांग घ्या. इकडे शाळा मेअखेर उघडते, तर पाच-दहा मैलांवर कागल किंवा गडहिंग्लज तालुक्यात ती जूनच्या मध्यावर उघडते. त्यामुळे जूनचा पहिला पंधरवडा अर्धा वर्ग आजोळी असतो, आणि आजोळ महाराष्ट्रात असतं. पहिल्या वर्षीचा मास्तर गैरहजर पोरांच्या घरी निरोपांवर निरोप धाडतो. "तिकडं शाळा सुरू न्हाई की अजून," आजी फोनवर सांगते, आणि या युक्तिवादावर त्याच्याकडे उत्तर नसतं. ऑक्टोबरात उलटा प्रकार. कर्नाटकाची लांब सुट्टी दसऱ्याची, महाराष्ट्राची दिवाळीची. तेव्हा दसऱ्याला पोरं सरकारी सुट्टीवर जातात आणि दिवाळीला मामाच्या सुट्टीवर. दुसऱ्या वर्षीचा मास्तर निरोप धाडत नाही. हजेरीपत्रक उघडून तो शांतपणे म्हणतो, "येतील. मामाची शाळा उघडली की येतील." नवख्याला ही केवढी तरी विद्वत्ता वाटते. पण नीट पाहिलं तर यात अध्यापनशास्त्र कुठेच नाही, नुसतं दोन राज्यांचं कॅलेंडर आहे.

भाषेची तीच कथा. पहिल्या वर्षी मास्तर पुस्तकातलं मराठी बोलतो आणि पोरं घरातलं. "सर, ह्यो मारालाय बघा," अशी फिर्याद आली की तो खडू खाली ठेवून चौकशी आयोग नेमतो. कुणी मारलं, का मारलं, कोणी पाहिलं? साक्षीदार फुटतात, मूळ आरोपी फिर्यादी बनतो, एक तटस्थ मुलगी रडायला लागते आणि अहवाल यायच्या आत घंटा होते. दुसऱ्या वर्षी तो फळ्यावर लिहिता लिहिता, मान न वळवता एवढंच म्हणतो, "बास की रं आता, दोघंबी." दोघं गप्प होतात. गंमत अशी, की तिसराही गप्प होतो, ज्याचा या प्रकरणाशी संबंध असल्याचं मास्तरच्या गावीही नव्हतं. जेकब कूनिन या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या आपल्या पुस्तकात हेच जरा कष्टाने सिद्ध केलं. वर्गांच्या चित्रफिती तपासताना त्याला आढळलं, की खोडी झाल्यावर शिक्षक कसा रागावतो याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो मास्तरला पाठीलाही डोळे आहेत अशी पोरांची खात्री पटल्याने. यातली खुबी ध्यानात घ्यावी. पोरांची खात्री पटली की पुरे, डोळे प्रत्यक्षात असायची अट नाही. दुसऱ्या वर्षीच्या मास्तरचा निम्मा दबदबा या नसलेल्या डोळ्यांवर चालतो.

उरलेला निम्मा दबदबा कागदांतून मिळतो. इथल्या मराठी शाळेची पाठ्यपुस्तकं मराठी, फळा मराठी, आणि परिपत्रकं कन्नड. ती बहुधा रात्री व्हॉट्सॲपवर येतात आणि त्यांच्या माथ्यावर 'अती जरूरु' असं लिहिलेलं असतं. पहिल्या वर्षी मास्तर हे दोन शब्द वाचून ताडकन उठून बसतो, गावात कन्नड वाचणारा माणूस शोधतो आणि मध्यरात्रीपर्यंत जागून माहितीचा तक्ता भरतो. सकाळी कळतं, की तक्ता बदललाय. दुसऱ्या वर्षी तो कूस बदलतो. "सर, अती जरूरु आलंय!" नवखा फोन करतो. "जरूरु रोजच असतंय. खरंच जरूरु असलं की सीआरपी साहेबांचा फोन येतोय. दोनदा आला तर उठायचं." एवढ्या एका नियमावर तो अक्षर दासोहाचा तांदूळ, क्षीरभाग्याचं दूध, प्रतिभा कारंजी स्पर्धेची नावं, एफए-वन ते एफए-फोर चाचण्यांचे गुण आणि पोरांची संगणकावरची नोंदणी असा सगळा संसार ओढतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं, की दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक एवढं सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला जुंपू नये. पहिल्या वर्षी त्याला हे कलम पाठ असतं. मग २०२५ च्या दसऱ्यासारखा दसरा येतो. राज्याच्या सामाजिक-शैक्षणिक पाहणीचे साठ प्रश्न घेऊन शिक्षक दारोदार फिरतात, काम आवरेना म्हणून शाळांची सुट्टीच १८ ऑक्टोबरपर्यंत लांबते आणि पोरं पाहणीच्या उदंड आयुष्याची प्रार्थना करतात. एका फेरीनंतर मास्तरला कलम आठवत नाही, पण कुठल्या गल्लीतलं कुत्रं चावतं ते आठवतं.

आता कुणी म्हणेल, की तोच धडा दुसऱ्यांदा शिकवायला मिळतो, त्याने आत्मविश्वास येत असेल. त्यात एवढं कोडं काय? दिसायला हा तर्क बिनतोड आहे, पण पाठ्यपुस्तक मंडळींनी तो निकामी केला आहे. कर्नाटकात २०२२ मध्ये पाठ्यपुस्तकं बदलली, त्यावरून रण माजलं, २०२३ मध्ये सरकार बदललं आणि त्यातले काही धडे पुन्हा बदलले. या दोन वर्षांत जो मास्तर पहिल्याचा दुसरा झाला असेल, त्याच्या हाती गेल्या वर्षीचं टाचण जसंच्या तसं कितीसं लागलं असणार? तरी किल्ली बोटात फिरायची थांबत नाही. ज्या पायावर इमला उभा आहे असं आपण समजतो, तो पाया काढून घेतल्यावरही इमला जागच्या जागी राहत असेल, तर तो त्या पायावर उभाच नव्हता हे उघड आहे.

दुसरा पुरावा त्याच शाळेत, खालमानेने वह्या तपासत बसलेला असतो. तो अतिथी शिक्षक. दर जूनला नव्याने नेमणूक, दर मार्चअखेर निरोप, आणि असं करत करत कित्येक वर्षं त्याच शाळेत. कोणत्या पोराला ऐकू कमी येतं, कुणाचा बाप रात्री पिऊन येतो, भागाकार कुठे अडतो, कन्नड परिपत्रकात तारीख कोणत्या ओळीत दडलेली असते, हे सगळं त्याला ठाऊक. आत्मविश्वास जर ज्ञानाच्या प्रमाणात वाटला जात असता, तर हा गृहस्थ सबंध तालुक्याला उपदेश करत सुटला असता. पण तो विचारल्याशिवाय बोलत नाही. बोलतो तो दुसऱ्या वर्षीचा, आणि नवख्याशी बोलताना सुरुवात करतो, "आमच्या वेळी असं नव्हतं." त्याची वेळ म्हणजे गेला जून. "पहिलं वर्ष जरा जड जातं," तो नवख्या टीचरना समजावतो, "पुढं अनुभव येतो माणसाला." अनुभवाची एकूण मिळकत एक वर्ष असलेला माणूस त्यातून सढळ हाताने दानही करू शकतो, हे दृश्य फक्त शिक्षकांच्या खोलीतच दिसतं असं मात्र नाही. पहिली निवडणूक जिंकलेला ग्रामपंचायत सदस्य, पहिलं पोर झालेले आईबाप आणि लायसन्स मिळून सहा महिने झालेला मोटारवाला हे सगळे याच बाकावरचे.

शास्त्रानेही या बाकाची दखल घेतली आहे. कार्मेन सांचेझ आणि डेव्हिड डनिंग या अमेरिकी संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना अगदी अनोळखी काम द्यायचं, म्हणून त्यांनी जगबुडीनंतरच्या काळातल्या झोंबी-रोगाचं निदान करायला लावलं. एकेक रोगी पुढे येतो, त्याची लक्षणं पाहून रोग सांगायचा. निष्कर्ष असा निघाला, की अगदी कोरा माणूस सावध असतो. थोडे रोगी हाताखालून गेले की त्याचा आत्मविश्वास भरारी घेतो आणि कौशल्य मागून रखडत येतं. पुढे कधीतरी ही भरारी थबकते. झोंब्यांच्या जागी सातवी 'ब' ठेवली तर या अभ्यासाला फेरफाराची फारशी गरज नाही. चार रोगी बरे झालेले पाहिल्यावर डॉक्टरला वाटतं, की आपल्या औषधाने झाले. चार पोरांना अपूर्णांक आल्यावर मास्तरलाही तसंच वाटतं. त्यातल्या दोघांना ते शिकवणीत आलेले असतात आणि एकाला बहिणीने शिकवलेले असतात, ही गोष्ट गुणपत्रकावर लिहिलेली नसते.

इथे गंभीर वाचक आक्षेप घेईल. मग हा फुगा धोक्याचाच नाही का? पोरांच्या वर्षाचं काय? आक्षेप रास्त आहे, पण हिशेब पुरा मांडावा. जोना रॉकॉफ यांनी न्यू जर्सीतल्या शाळांची आकडेवारी तपासून २००४ मध्ये दाखवलं, की अनुभवाने शिक्षक सुधारतो आणि या सुधारणेचा मोठा वाटा सुरुवातीच्या थोड्या वर्षांतच पडतो. म्हणजे दुसऱ्या वर्षीचा मास्तर पहिल्या वर्षीपेक्षा खरोखर बरा असतो. त्याला वाटतो तितका नसतो, एवढीच तफावत, आणि या तफावतीलाच मी उचल म्हणतो. ती नसती तर तो रोज सकाळी वर्गात पाऊल टाकता तरी कशाच्या जोरावर? फळ्यावर त्याच्या हातून 'आशिर्वाद' लिहिला जातो. एक मुलगी बोट वर करते. पहिल्या वर्षी तो लाल होऊन पुसायला घेतो आणि पुसता पुसता शेजारचं बरोबर गणितही पुसतो. दुसऱ्या वर्षी तो वळून म्हणतो, "शाब्बास! मुद्दाम चुकवलं होतं. कोण पकडतंय बघत होतो." यावर सबंध वर्गाचा काडीइतकाही विश्वास बसत नाही. तरी पोरं टाळ्या वाजवतात, कारण सरांची अडचण त्यांना कळलेली असते आणि सर रडकुंडीला येण्यापेक्षा सर थापा मारणं त्यांना परवडतं. शिवाय त्या रात्री सर शब्दकोश उघडतात. उचलीचा पहिला हप्ता असा फिटतो.

दुसरा आक्षेप पेन्शनर मंडळींचा. खरा मास्तर मुरलेला असतो, त्याला वीस-तीस वर्षं लागतात, आजकालच्या पोरांना एका वर्षात शिंगं फुटतात. पुराव्यादाखल ते चितळे मास्तरांचं नाव घेतात. पण 'व्यक्ती आणि वल्ली'तले चितळे मास्तर आपल्याला भेटतात तेच मुळी मुरल्यावर. त्यांचं दुसरं वर्ष कुणी पाहिलेलं नाही. साहित्याची ही जुनी खोड आहे, ते शिक्षकाला निवृत्तीच्या आसपास गाठतं. चितळे मास्तरांना जन्म देणारे पु.ल. स्वतः तरुणपणी बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते, आणि त्यांनी मुरेपर्यंत तोंड मिटून बसायचं ठरवलं असतं तर नुकसान कुणाचं झालं असतं? बरं, ज्यांच्या नावाला 'गुरुजी' हे पद कायमचं चिकटलं, त्या साने गुरुजींची शाळेतली नोकरी किती वर्षांची? १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात लागले आणि १९३० मध्ये राजीनामा देऊन सत्याग्रहात गेले. जेमतेम सहा वर्षं. म्हणजे त्या कारकिर्दीत दुसरं वर्ष संपलं तेव्हा एक तृतीयांश काम आटोपलं होतं. मुरण्याची वाट पाहत बसले असते तर 'गुरुजी' व्हायच्या आतच तुरुंगात गेले असते.

तिसरा आक्षेप सीमाभागातलाच आहे आणि तो जरा नाजूक आहे. इथला मराठी मास्तर दोन भाषांच्या आणि दोन राज्यांच्या कचाट्यात, त्याला कसला आलाय आत्मविश्वास? मला हे उलट दिसतं. सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा, आणि सुनावणीची पुढची तारीख हा इथल्या चहाच्या टपरीवरचा कायमचा विषय. जिथे आख्ख्या मुलखाचा निकाल एवढा रेंगाळू शकतो, तिथे एफए-टूचा निकाल दोन दिवस लांबला म्हणून मास्तरने हबकून जावं हे त्या मातीला शोभत नाही. निपाणीला लागून असलेलं देवचंद कॉलेज पाहा. गावातली पोरं रोज चालत जाऊन महाराष्ट्रात शिकतात आणि जेवायला कर्नाटकात परततात. त्यांना कधी धाप लागलेली दिसत नाही. मास्तरची खरी कसोटी १ नोव्हेंबरला लागते. शाळेत राज्योत्सव, गावात काळा दिन. पहिल्या वर्षी आदल्या संध्याकाळी एक पोरगा विचारतो, "सर, उद्या शाळेला यायचं का फेरीला?" मास्तर राज्यपुनर्रचनेचा इतिहास सांगू लागतो, मध्येच आपण सरकारी नोकर आहोत हे आठवून थांबतो, मग पुन्हा सांगू लागतो आणि शेवटी पाणी पितो. दुसऱ्या वर्षी तोच प्रश्न, तोच पोरगा. "सकाळी झेंडा हाय, खाऊ हाय. पुढचं घरात इचार." दोन सरकारं, एक आयोग आणि एक न्यायालय यांना इतकं आटोपशीर उत्तर अजून सुचलेलं नाही.

तेव्हा दुसऱ्या वर्षीच्या सरांना कुणी टोकू नये. कर्नाटकच्या सेवानियमांप्रमाणे परिवीक्षेचा काळ किमान दोन वर्षांचा असतो. म्हणजे किल्ली बोटात फिरवणारा हा गृहस्थ सरकारच्या लेखी अजून तपासणीखालीच आहे, आणि ही गोष्ट सरकार सोडून सगळे विसरलेले असतात, तो स्वतः धरून. विसरू द्यावं. तिसऱ्या वर्षी एखादा पोरगा असा प्रश्न विचारतो, की त्याला ना 'मुद्दाम चुकवलं' चालतं ना 'घरात इचार' चालतं, आणि तिथून फेड सुरू होते. चिंता करायची असेल तर ती विसाव्या वर्षीही दुसऱ्या वर्षाचाच आत्मविश्वास बाळगणाऱ्यांची करावी. दर हंगामाला नवी उचल घ्यायची आणि फडात उतरायचं नाही, असे लोक शाळेत थोडे असतात, शाळा तपासायला येणाऱ्यांत जरा जास्त, आणि शिक्षणावर भाषणं देणाऱ्यांत तर टोळ्याच्या टोळ्या. दुसऱ्या वर्षीच्या सरांनी एकच पथ्य पाळावं, शिक्षणावर लेख लिहू नये. ते काम सातवी 'ब'समोर एकदाही उभं न राहिलेल्या आम्हा लोकांकडे आहे, आणि आमच्या आत्मविश्वासाला पहिल्या वर्षाचीसुद्धा गरज लागत नाही.